आतड्याचे अस्तर आणि न दिसणारी व्याधी

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील आरोग्यविषयक व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचा विषय अशा एका व्याधीचा आहे, जिच्याविषयी चारचौघांत बोलण्याचा संकोच वाटतो. मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी यांची चर्चा पंगतीतही होते; परंतु पोटाचे गाऱ्हाणे माणूस मनातच ठेवतो. पोटात कळ येते, शौचास जाऊन आल्यावर घटकाभर बरे वाटते, पुन्हा तेच. कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ, कधी दोन्ही आलटून पालटून. पोट फुगते. लांबच्या प्रवासाला निघायचे म्हटले की आधी शौचालय कोठे आहे याची चौकशी करावी लागते. यात वर्षे जातात. रक्ताची तपासणी होते, सोनोग्राफी होते, दुर्बिणीची तपासणी होते आणि प्रत्येक कागदावर एकच शब्द येतो, 'नॉर्मल'.

मग घरातील माणसे म्हणतात, "काही नाही, मनाचे खेळ आहेत." हे वाक्य प्रेमाने उच्चारले तरी जखम करते. दुखणे तर आहेच. त्यावर आता खोटेपणाचा शिक्काही बसतो. आजच्या विवेचनाचा सारा रोख या वाक्याकडे आहे. तपासणीत न दिसणे म्हणजे नसणे नव्हे. आतड्याच्या आतील अस्तराविषयी गेल्या सुमारे पंचवीस वर्षांत जे ज्ञान हाती आले, त्याने या रुग्णांपैकी अनेकांच्या दुखण्याला शरीरातील जागा दाखवून दिली आहे. मात्र त्याच ज्ञानाच्या नावावर बाजारात जे विकले जाते, ते सारेच खरे नाही. या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवूनच पाहाव्या लागतात.

व्याधीची ओळख

या व्याधीला इंग्रजीत 'इरिटेबल बॉवेल सिंड्रोम' आणि संक्षेपाने आय.बी.एस. म्हणतात. मराठीत 'क्षोभशील आतडे' म्हणता येईल. जुनी मंडळी 'संग्रहणी' हा शब्द वापरतात. तथापि ते नाव पोटाच्या इतर अनेक विकारांनाही लावले जात असल्याने दोन्ही एकच समजू नयेत.

२०१६ साली जाहीर झालेल्या 'रोम ४' या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार, गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी किमान एक दिवस पोट दुखत असेल आणि त्या दुखण्याचा संबंध शौचाशी, शौचाच्या वेळांतील बदलाशी किंवा मळाच्या स्वरूपातील बदलाशी, अशा तिहींपैकी किमान दोहोंशी असेल, तर हे निदान करता येते. तक्रारीची सुरुवात किमान सहा महिन्यांपूर्वीची असावी लागते. याच निकषांवर आधारलेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ३३ देशांच्या पाहणीत शंभरांपैकी सुमारे चार प्रौढ व्यक्तींना ही व्याधी असल्याचे दिसले. म्हणजे दोनशे माणसांच्या सभागृहात सात-आठ जण तरी असावेत. ते हात वर करीत नाहीत, एवढेच.

अस्तराची रचना

आतड्याचे आतील अस्तर हे शरीराचे सर्वांत कठीण काम करणारे वस्त्र आहे. त्याच्या एका बाजूस अन्न, पाचकरस आणि अब्जावधी जिवाणू; दुसऱ्या बाजूस रक्त, चेतातंतू आणि संरक्षक पेशींचा पहारा. पोषक द्रव्ये आत यावीत, पाणी यावे, क्षार यावेत. परंतु जिवाणू व त्यांची विषे येऊ नयेत. ही निवड अहोरात्र करणारा पेशींचा थर केवळ एका पेशीच्या जाडीचा असतो, मानवी केसाहूनही पातळ.

या अस्तराचे क्षेत्रफळ टेनिसच्या मैदानाएवढे असल्याचे जुन्या पुस्तकांत लिहिलेले आढळते. २०१४ साली स्वीडनमधील गोथेनबर्गच्या संशोधकांनी नव्याने मोजमाप केले, तेव्हा संपूर्ण पचनमार्गाचे अस्तर सुमारे ३२ चौरस मीटर भरले, म्हणजे सुमारे साडेतीनशे चौरस फूट. बाजारपेठेतील एखाद्या मध्यम गाळ्याएवढी ही जागा असून, तेवढ्या जागेची राखण एका पेशीच्या थराने करावयाची असते.

या राखणीच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली म्हणजे चिकट श्लेष्माचे आवरण. मोठ्या आतड्यात ते दुपदरी असते. बाहेरच्या पदरात जिवाणू वस्ती करतात, आतला पदर मात्र जवळजवळ जिवाणूविरहित असतो, हे २००८ साली गोथेनबर्ग येथेच दाखविले गेले. दुसरी पायरी स्वतः पेशींची. या पेशी तीन ते पाच दिवसांत झिजून जातात आणि त्यांची जागा नव्या पेशी घेतात. तिसरी पायरी दोन पेशींमधील सांध्यांची. कापडाचे पोत जसे धाग्याइतकेच विणीवर अवलंबून असते, तसे या अस्तराचे बळ सांध्यांवर अवलंबून असते. फार्कर आणि पालाडे या शास्त्रज्ञांनी १९६३ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हे सांधे पाहून त्यांचे सविस्तर वर्णन केले. त्यांना 'टाइट जंक्शन' म्हणजे घट्ट सांधे म्हणतात. जपानमधील शोइचिरो त्सुकिता यांच्या गटाने १९९३ साली या सांध्यांतील 'ऑक्लुडिन' हे प्रथिन आणि १९९८ साली 'क्लॉडिन' ही प्रथिने शोधून काढली. क्लॉडिन हे नाव 'बंद करणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आले आहे.

हे सांधे कुलपासारखे कायमचे बंद नसतात. गरजेनुसार ते किंचित सैल व पुन्हा घट्ट होतात. निरोगी आतड्यातही थोडी पारगम्यता असतेच आणि ती असावीच लागते. प्रश्न निर्माण होतो, तो वीण प्रमाणाबाहेर सैल झाली आणि तशीच राहिली तर.

वॉकर्टन गावाचा धडा

हा प्रश्न प्रयोगशाळेतून निघून लोकांच्या घरात कसा शिरला, हे समजण्यासाठी कॅनडातील एका लहान गावाचा वृत्तान्त पाहावा लागतो. ऑन्टारिओ प्रांतातील वॉकर्टन हे सुमारे पाच हजार वस्तीचे गाव. मे २००० मध्ये तेथे अतिवृष्टी झाली आणि जनावरांच्या शेणखतातील जंतू पावसाच्या पाण्यासोबत गावाच्या एका उथळ विहिरीत उतरले. क्लोरीनची मात्रा पुरेशी नव्हती. ई. कोलाय ओ१५७ व कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू नळावाटे घरोघर पोहोचले. सुमारे २,३०० माणसे आजारी पडली, सात जण दगावले. न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांच्या चौकशी आयोगाने पाणीपुरवठ्याच्या देखरेखीतील हलगर्जीपणा सविस्तर नोंदविला.

जुलाबाची साथ ओसरली. परंतु गावकऱ्यांची पुढील आठ वर्षे तपासणी होत राहिली आणि त्यातून जे दिसले, त्याने वैद्यकशास्त्राची दृष्टी बदलली. दोन-तीन वर्षांनंतर, ज्यांना साथीत आजार झाला नव्हता त्यांच्यापैकी सुमारे १० टक्के लोकांत आय.बी.एस.ची लक्षणे आढळली. ज्यांच्या आजाराची वैद्यकीय नोंद होती, त्यांच्यात हे प्रमाण ३६ टक्के होते. जंतू तर केव्हाच निघून गेले होते; दुखणे मात्र मागे राहिले होते.

मॅकमास्टर विद्यापीठातील संशोधकांनी यांपैकी काही गावकऱ्यांच्या आतड्याची पारगम्यता मोजली व २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पद्धत साधी आहे. मॅनिटॉल आणि लॅक्टुलोज या दोन शर्करा पाण्यातून पिण्यास देतात. पहिलीचा कण लहान, तो निरोगी अस्तरातूनही सहज पलीकडे जातो. दुसरीचा मोठा, तो सहसा जात नाही. पुढील काही तासांच्या लघवीत मोठ्या कणाचे प्रमाण वाढलेले आढळले, तर वीण सैल आहे असे समजावे. आय.बी.एस. असलेल्या १३२ जणांपैकी एक तृतीयांशाहून थोड्या अधिक लोकांत हे प्रमाण वाढलेले होते. लक्षणे नसलेल्या ८६ जणांत ते सुमारे निम्मेच होते.

या आकड्यांतून दोन गोष्टी निघतात. ज्यांना 'मनाचे खेळ' म्हणून हिणवले जाते, त्यांच्यापैकी कित्येकांच्या शरीरात मोजता येण्याजोगा फरक असतो. आणि दुसरी तितकीच महत्त्वाची गोष्ट अशी की, दोन तृतीयांश रुग्णांत तो फरक सापडला नाही. म्हणून सैल अस्तर हे या व्याधीचे एक कारण असू शकते. एकमेव कारण नव्हे.

वॉकर्टन हा अपवाद नव्हता. निरनिराळ्या देशांतील ४५ अभ्यास एकत्र करून २०१७ साली काढलेल्या निष्कर्षानुसार, आतड्याच्या संसर्गानंतर दहांपैकी सुमारे एका व्यक्तीस आय.बी.एस. जडते आणि संसर्ग न झालेल्यांच्या तुलनेत हा धोका चौपट असतो. दूषित पाण्याचे जुलाब ज्या देशात नवलाचे नाहीत, तेथे या निष्कर्षाचे महत्त्व वेगळे सांगणे नको. पाणी गाळून व उकळून पिण्याची आपल्या घरांतील शिस्त या ठिकाणी फार मोलाची ठरते. गाळण्याने गाळ व दिसणारे जीव वेगळे होतात, जंतू मात्र कापडातून सहज पार होतात. त्यांच्यासाठी पाणी खळखळून उकळावेच लागते. दोन्ही क्रिया केल्या तरच रक्षण पुरे होते.

वीण सैल झाल्यावर काय घडते

अस्तरातून जिवाणूंचे अंश पलीकडे जाऊ लागले की, तेथील संरक्षक पेशी जाग्या होतात. त्यांत 'मास्ट' पेशी प्रमुख. शिंका व पित्ताच्या गांधी आणणारी हिस्टामिन आणि प्रथिने तोडणारी ट्रिप्टेज ही द्रव्ये त्या सोडतात. इटलीतील बोलोन्या येथील जिओव्हानी बार्बरा व सहकाऱ्यांनी २००४ साली दाखविले की, आय.बी.एस.च्या रुग्णांत अशा सक्रिय मास्ट पेशी आतड्यातील चेतातंतूंच्या निकट जितक्या अधिक, तितके पोटदुखीचे प्रमाण व तीव्रता अधिक. चेतातंतू असे वारंवार डिवचले गेले की ते हळवे होतात. मग साध्या वायूचा ताणही मेंदूला कळ म्हणून कळतो. शिवाय ट्रिप्टेजसारखी द्रव्ये सांध्यांनाच आणखी सैल करतात. असे हे दुष्टचक्र आहे.

आतडे दुर्बिणीतून निरोगी का दिसते, याचेही उत्तर येथेच मिळते. दुर्बीण व्रण, सूज, गाठ दाखविते. दोन पेशींमधील सांधा आणि त्यामागील मास्ट पेशी तिच्या साध्या नजरेपलीकडच्या आहेत. म्हणूनच अहवालातील 'नॉर्मल' या शब्दाचा अर्थ 'त्या तपासणीस जे दिसते, ते ठीक आहे' एवढाच घ्यावयाचा.

मनाचा वाटा

मग मनाचा काहीच संबंध नाही काय? आहे, परंतु तो लोक समजतात तसा नाही. बेल्जियममधील लूवेन विद्यापीठाने २०१४ साली निरोगी स्वयंसेवकांना परीक्षकांपुढे भाषण करावयास लावले आणि त्याच दोन शर्करांनी त्यांची पारगम्यता मोजली. ज्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक ठळकपणे वाढले, त्यांचे अस्तर तेवढ्या काळापुरते सैल झाले होते. मास्ट पेशींना शांत ठेवणारे औषध आधी दिले असता मात्र हा परिणाम झाला नाही.

व्यासपीठावर उभे राहण्यापूर्वी पोटात गोळा येतो, हा सर्वांच्याच परिचयाचा अनुभव. त्यामागील वाट या प्रयोगाने दाखविली. मन ताणले गेले की मेंदूकडून निघालेला संदेश मास्ट पेशींमार्फत अस्तरापर्यंत पोहोचतो. म्हणजे ताणाने दुखणे वाढते, हे खरे. पण म्हणून ते काल्पनिक ठरत नाही. याच कारणाने २०१६ पासून या व्याधींच्या गटास 'आतडे व मेंदू यांच्या परस्परसंबंधांचे विकार' असे नाव देण्यात आले आहे. यात मेंदू आहे आणि आतडेही आहे. दोष मात्र रुग्णाच्या स्वभावाचा नाही.

बाजारापासून सावध

आता दुसरी बाजू. 'लीकी गट' म्हणजे 'गळके आतडे' हे शब्द अलीकडे सर्वत्र ऐकू येतात. थकवा, केस गळणे, सांधेदुखी, त्वचाविकार या साऱ्यांचे मूळ गळके आतडे असून अमुक चूर्ण किंवा तमुक गोळ्या ते शिवून काढतात, असा प्रचार होतो. व्यापारी पेठेत वावरणाऱ्यांस मालाची पारख शिकवावी लागत नाही. तीच पारख येथे लावावी.

पहिली गोष्ट, मापाची. रक्तातील किंवा मळातील 'झोन्युलिन' मोजून अस्तराची स्थिती सांगण्याच्या तपासण्या विकल्या जातात. परंतु २०१८ व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पडताळण्यांत, त्यासाठी वापरले जाणारे प्रचलित संच झोन्युलिन नव्हे तर भलतीच प्रथिने मोजत असल्याचे आढळले. जेथे तराजूच खोटा, तेथे वजनाला काय अर्थ?

दुसरी गोष्ट, सरसकट दाव्याची. बद्धकोष्ठ प्रधान असलेल्या रुग्णांत पारगम्यता वाढलेली क्वचितच आढळते. जुलाब प्रधान असलेल्यांत आणि संसर्गानंतर व्याधी जडलेल्यांत ती अधिक आढळते. मग सर्वांना एकच चूर्ण कसे चालेल?

तिसरी गोष्ट, पुराव्याची. ग्लुटामिन या अमिनो आम्लाविषयी एक खरोखर लक्षणीय प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. आठ आठवडे उपचार घेणाऱ्या ५४ जणांपैकी ४३ जणांना ठरविलेल्या मापाइतका आराम पडला. नुसती भुकटी घेणाऱ्या ५२ पैकी फक्त तिघांना. आकडे मोहक आहेत. परंतु त्या प्रयोगात केवळ संसर्गानंतरचे, जुलाब प्रधान असलेले आणि पारगम्यता वाढल्याचे आधी मोजून सिद्ध झालेले रुग्णच घेतले होते. एका लहान प्रयोगावर सर्वांसाठी डबा विकणे म्हणजे एका ताग्याचा नमुना दाखवून साऱ्या गोदामाची हमी देणे होय.

आहार आणि उपचार

ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठाने 'फॉडमॅप' ही आहारपद्धती विकसित केली. लहान आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या आणि पुढे आंबून वायू करणाऱ्या शर्करा काही आठवडे कमी करावयाच्या आणि मग एकेक पदार्थ परत आणून पाहावयाचा, असे तिचे सूत्र आहे. वर्ज्य पदार्थांत कांदा व लसूण अग्रभागी आहेत. हे ऐकून आपल्याकडील अनेकांस आनंद होईल. तथापि तेवढ्यावर आपला आहार निर्दोष ठरत नाही. गहू, राजमा, हरभरा, दूध हेही त्याच यादीत येतात, आणि आपल्या ताटात त्यांचाच भरणा असतो. उलट, आधीच अनेक पदार्थ वर्ज्य असलेल्या व्यक्तीने आणखी दहा पदार्थ स्वतःच्या मनाने सोडल्यास ब-१२, लोह व प्रथिने यांची उणीव वाढू शकते. हा प्रयोग आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, ठराविक मुदतीसाठीच करावा.

ईसबगोल मात्र घरोघरी ठाऊक आहे. गुजरातेतील उंझा ही त्याची मोठी बाजारपेठ. नेदरलँड्समध्ये २७५ रुग्णांवर झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ईसबगोलाने लक्षणे कमी झाली. गव्हाच्या कोंड्याचा तसा लाभ दिसला नाही, उलट कित्येकांना तो सोसला नाही. ईसबगोल थोड्या मात्रेने सुरू करून भरपूर पाण्यासोबत घ्यावे.

वेदनाशामक गोळ्यांविषयीही एक इशारा आवश्यक आहे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या लहान आतड्याच्या अस्तराची पारगम्यता वाढवितात, हे दीर्घकाळापासून ज्ञात आहे. डॉक्टरांना न विचारता औषधाच्या दुकानातून त्या आणून महिनोन्‌महिने घेणे पोटाच्या हिताचे नाही. त्याचप्रमाणे, डॉक्टरांनी आय.बी.एस.साठी अल्प मात्रेत ॲमिट्रिप्टिलिन लिहून दिल्यास 'हे तर मानसिक आजाराचे औषध' म्हणून ते फेकून देऊ नये. इंग्लंडमधील ४६३ रुग्णांच्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ते उपयुक्त ठरले आहे. हळव्या झालेल्या चेतातंतूंवर ते काम करते.

धोक्याच्या खुणा

पोटाची प्रत्येक तक्रार आय.बी.एस. नसते, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगणे कर्तव्य आहे. मळातून रक्त जाणे, कारणाविना वजन घटणे, रक्तक्षय, ताप, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे किंवा जुलाब, पन्नाशीच्या सुमारास प्रथमच सुरू झालेली तक्रार, अथवा कुटुंबात आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास, यांपैकी काहीही असल्यास विलंब न लावता तज्ज्ञ डॉक्टरांकडे जावे. आतड्याचा क्षयरोग, गव्हातील ग्लुटेनमुळे होणारा सिलिॲक विकार आणि आतड्याची दाहक सूज यांवर वेगळे व निश्चित उपचार आहेत, आय.बी.एस. समजून घरी बसल्यास हानी होते.

उपसंहार

बंधू-भगिनींनो, वॉकर्टनच्या वृत्तान्तातील एक आकडा शेवटासाठी राखून ठेवला आहे. साथीत आजारी पडलेल्या ज्यांचा दीर्घकाळ पाठपुरावा झाला, त्यांच्यात आय.बी.एस.चे प्रमाण दोन-तीन वर्षांनंतर २८ टक्के होते. आठ वर्षांनंतर ते १५ टक्क्यांवर आले. अर्थात, जवळजवळ निम्म्यांची व्याधी कालांतराने निवळली. जे वस्त्र दर तीन-पाच दिवसांनी स्वतःस नव्याने विणते, त्याच्याबाबत आशा सोडण्याचे कारण नाही. पण आठ वर्षांचा काळ थोडा नव्हे, आणि उरलेले १५ टक्केही माणसेच आहेत.

हा काळ माणसाने कोणाच्या सोबतीने काढावयाचा? घरातील मुलगी, सून, वडील किंवा दुकानातील नोकर पोट दुखते असे वारंवार सांगत असेल, तर त्यांचे खरे मानावे. डॉक्टरांकडे सोबत जावे. ताटातील एखादा पदार्थ त्यांनी नाकारल्यास आग्रह करू नये. प्रवासात वाट थांबवावी लागली तर कपाळाला आठी घालू नये. यासाठी पैसा लागत नाही, औषध लागत नाही. दुसऱ्याचे दुःख दिसत नसतानाही ते आहे असे मानणे, एवढेच लागते. ताणामुळे अस्तर सैल होते, हे जर प्रयोगाने दिसले आहे, तर घरच्यांच्या विश्वासाने रुग्णाचा तेवढा ताण तरी हलका करणे आपल्या हाती आहे.